सिकलसेलच्या लेकराला वसतिगृहात पाठवावं का? (एसएस, वय ११)

बांधीवरची | १४ मे, रात्री ९.५०

नमस्कार. वाचते खूप दिवसांपासून, लिहितेय पहिल्यांदाच. ब्रह्मपुरीच्या पलीकडं आमचं गाव. घरचं तीन एकर धान, मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. लेक अकरा वर्षांचा आहे, सिकलसेल एसएस. म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, दोष आईकडून पण आलेला आणि वडिलांकडून पण.

त्याचा नवोदयला नंबर लागला, सहावीसाठी. आमच्या गावातून आजवर दोघंच गेले, हा तिसरा. सरपंचांनी पेढे वाटले, शाळेच्या फळ्यावर नाव लिहिलं. आणि मला आठ दिवस झाले, झोप नाही.

थोडं मागचं सांगते. सात-आठ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजले, पावासारखे. कोणी म्हणालं मुंगी चावली, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. एका खासगी दवाखान्यात 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाचं औषध लावलं, ते कित्येक महिने चाललं. पोरगं रडायचं आणि आम्ही चमच्यानं लोह पाजायचो. दीड वर्षाचा झाला तेव्हा एकदा ताप आला, संध्याकाळपर्यंत पोट टणक झालं, ओठ कागदासारखे पांढरे. नागपूरला मेडिकलला नेलं. पानथरीत (प्लीहेत) रक्त साठलं होतं. तिथं रक्त चढवलं, मग आमची सगळ्यांची तपासणी झाली. मी एएस, हे पण एएस, म्हणजे दोष एकाच बाजूचा, स्वतःला त्रास नाही पण लेकरात उतरू शकतो.

सासूबाई तोवर दीड वर्ष माझ्या माहेरच्या रक्ताला नावं ठेवत होत्या. रिपोर्ट आल्यावर गप्प झाल्या. ती शांतता मला आजही गोड लागते, खोटं कशाला बोलू.

आता हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू आहे, सहा वर्षं झाली. आधी वर्षातून पाच-सहा वेळा भरती करावं लागायचं, आता एखाद-दोनदा. अभ्यासात हुशार आहे, दोन दुखण्यांच्या मधे कोणी म्हणणार नाही की याला काही आहे. हे म्हणतात पाठव. सासूबाई म्हणतात नको. तो म्हणतो, "आई, मी जातो." रात्री तीनदा लघवीला उठतो तो, पाणी हातात दिल्याशिवाय पीत नाही, दुखलं की पाय मीच चोळते. तिथं कोण चोळेल?

ज्यांनी पाठवलं किंवा नाही पाठवलं, दोघांनीही सांगा.

---

पऱ्हाटी | १४ मे, रात्री ११.०५

ताई, अगोदर अभिनंदन. पोट्ट्यानं नाव काढलं. माही पोरगी चौदा वर्षाची, एसएस. मी यवतमाळकडचा, कापूसवाला.

मी तं नसतो पाठोलो. काऊन ते सांगतो. सातवीत तिले एका वसतिगृहात टाकलं होतं. नाव नाई सांगत. डिसेंबरात तिची छाती दुखाले लागली. तिनं सांगतलं, तं म्हने नाटक करते, घरी जायाचं हाय म्हनून. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी श्वास लागला तवा मले फोन आला. मी वेचनीवर होतो, तसाच निघालो. सेवाग्रामले नेलं. आठ दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हने, सिकलसेलच्या पेशंटची छाती दुखली आन् ताप आला तं एक घंटा बी थांबाचं नाई.

पोरगी वाचली. पन तवापासून मी तिले नजरेआड केलं नाई. हे बरोबर हाय का चूक, मले नाई माईत. ती माह्यावर चिडते. चिडो बापा.

---

नागपुरी_संत्रं | १५ मे, सकाळी ७.३०

मुलाला रोज बीट, डाळिंब आणि लोखंडी कढईतली पालक द्या. गूळ-शेंगदाणे तर आपल्याकडं मुबलक. सहा महिन्यांत रक्त वाढेल. माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन यानेच ७ वरून ११ वर गेलं. आणि बोन मॅरो बदलला की सिकलसेल पूर्ण बरा होतो असं वाचलंय, ते का करत नाही?

---

सायकलवाली | १५ मे, दुपारी १.१५

@नागपुरी_संत्रं, भाऊ, राग मानू नका, पण हे असलं वाचूनच लोक पोरांना लोहाच्या बाटल्या पाजतात. मी आशा आहे, गडचिरोली जिल्ह्यात. माझ्या गावांत अकरा सिकलसेलवाले आहेत, मी रोज बघते.

तुमच्या भाचीला लोह कमी पडलं असेल. या पोराचं तसं नाही. आपली लाल पेशी १२० दिवस जगते, याची दहा-वीस दिवसांत फुटते. विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते, तिथं रक्त पोचत नाही म्हणून हाड दुखते. पेशी फुटून पिवळं निघते म्हणून डोळे पिवळे. कावीळ समजून माळ घालतात लोक गळ्यात! लोह आधी तपासल्याशिवाय द्यायचंच नाही, ज्यांना वारंवार रक्त चढलंय त्यांच्यात तर ते आधीच साठलेलं असते. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवायची नाही. पालक खाऊ द्या, पालकानं नुकसान नाही, फक्त पालकावर भरवसा ठेवू नका.

बांधीवरची ताई, त्याचा नेहमीचा एचबी (हिमोग्लोबिन) किती असतो? तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. नवा डॉक्टर ७.८ पाहून घाबरतो आणि लगेच रक्त लावतो. ज्याचा रोजचाच आकडा ८ आहे त्याला ७.८ ला रक्त लागत नाही. अचानक उतरला तर गोष्ट वेगळी.

---

बांधीवरची | १५ मे, रात्री ९.२०

८ ते ८.५ असतो. हे लिहून द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

@पऱ्हाटी दादा, तुमचं वाचून कालची झोपही गेली. पण बरं केलं लिहिलं.

@नागपुरी_संत्रं, बोन मॅरोचं विचारून झालंय. सख्ख्या भावंडाचा जुळला तर चांगलं, आणि जुळण्याची शक्यता चारात एक. धाकटी आहे आमची. तिच्या वेळी अकराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी केली होती, ती एए निघाली, म्हणजे दोष अजिबात नाही. तिचं रक्त दादासाठी तपासलं, नाही जुळलं. पाच वर्षांची होती, सुई टोचून घेतली, आणि परत येताना एसटीत विचारते, "मी नापास झाली का?" त्यानंतर तो विषय घरात काढत नाही आम्ही.

---

चष्मेवाले_गुरुजी | १६ मे, सकाळी ६.१०

मी भंडारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. एकेकाळी मीच अशा एका मुलाला तासभर वर्गाबाहेर उभं केलं आहे. सारखा पाणी पितो आणि सारखा बाहेर जातो म्हणून. नंतर त्याच्या वडिलांनी कागद आणून दाखवला. या आजारात मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. पाणी जास्त लागतं आणि जायलाही जास्त लागतं, दोन्ही खरं. ते कळलं तेव्हा मला त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देता येईना. आज तो पॉलिटेक्निकला आहे, रस्त्यात दिसला की गाडी थांबवून बोलतो. मुलं माफ करतात, आपल्यालाच जड जातं.

म्हणून ताई, पाठवायचं ठरलं तर पहिल्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर एक पानी अर्ज ठेवा. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर जातं. त्यात हे लिहा : पाण्याची बाटली वर्गात जवळ राहील. लघवीला केव्हाही सोडावं. झोपायला खालचा पलंग, संडासाजवळचा. अंथरूण ओलं झालं तर ओरडू नये, चारचौघांत विषय काढू नये. पीटीच्या तासाला तो स्वतः थांबला तर थांबू द्यावं, पण आपणहून बाजूला बसवू नये. ताप १०१ च्या वर गेला, छाती दुखली, श्वास लागला, पोट फुगलं, तोंड वाकडं झालं किंवा हातापायातली ताकद गेली, तर पालकांची वाट न बघता दवाखाना. खाली दवाखान्याचं नाव, तुमचे दोन नंबर. नवोदयात नर्सबाई असतात, त्यांना वेगळी प्रत.

दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर. दहावीला जास्तीचा वेळ मागताना कागद लागतोच, आणि तो ऐनवेळी कधीच निघत नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगणार नाही. नवोदयात नववीला काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी राज्यातल्या शाळेत पाठवतात. तिकडची थंडी आपल्यासारखी नसते. ते आत्तापासून लक्षात असू द्या.

---

लाल_एसटी | १६ मे, रात्री १०.४५

आयडी असा का, तर सिकलसेलच्या कार्डावर साध्या एसटीत तिकीट लागत नाही. नागपूरच्या इतक्या चकरा झाल्यात की कंडक्टर मला माझ्या मामांपेक्षा जास्त ओळखतात.

मी स्वतः एसएस आहे, वय २९. गोंदिया जिल्हा. आईबापांच्या धाग्यात पेशंटनं बोलू नये असं काही नसावं.

माझी आई मला तळ्यावर जाऊ देत नव्हती. पोरं मे महिन्यात दुपारभर तळ्यात, आणि मी काठावर त्यांचे कपडे राखायचो. थंड पाण्यानं दुखणं सुरू होतं, ते बरोबरच आहे, तिचं चुकलं नाही. तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी नंदी सगळ्यात मोठा असायचा, कारण बाकी काही करता येत नाही म्हणून बाबा नंदीवर खर्च करायचे. लोक म्हणायचे, किती जपतात. जपतच होते.

पण यातून मी काय शिकलो सांगू? दुखलं की सांगायचं नाही. सांगितलं की आईचा चेहरा पडायचा, बाबांची मजुरी बुडायची, घरात दोन दिवस भाजी व्हायची नाही, आणि पुढचा महिनाभर जे थोडं करू देत होते तेही बंद. म्हणून मी दात आवळून पडून राहायचो. 'दुखतं का रे?' 'नाही.' दहाव्या वर्षापासून मी हे उत्तर देतोय. नववीत खुब्याचं दुखणं असंच वर्षभर लपवलं. कळलं तोवर खुब्याचा गोळा झिजला होता, रक्त न पोचल्यानं. आज मी थोडा लंगडतो. तो लंगडेपणा आजाराचा किती आणि माझ्या 'नाही'चा किती, मलाही सांगता येत नाही.

ताई, तुमचा प्रश्न आहे तिथं पाय कोण चोळेल. माझा प्रश्न वेगळा आहे. तो तुम्हाला खरं सांगतो का?

एक करून बघा. 'दुखतं का' विचारू नका, आकडा विचारा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे आजवरचं सगळ्यात वाईट. आणि ठरवा की चार आला की सांगायचं. चारला पाणी, गोळी, शेक आणि पांघरूण एवढ्यावर पुष्कळदा भागतं. नऊला सांगितलं तर सलाईन आणि भरती. आणि चार सांगितल्यावर तुम्ही रडायचं नाही, शाळा बुडवायची नाही, जत्रा रद्द करायची नाही. नाहीतर पुढच्या वेळी तो 'दोन' म्हणेल.

---

पऱ्हाटी | १७ मे, सकाळी ५.५०

@लाल_एसटी भाऊ, तुमचं वाचून मी राती पोरीजवळ जाऊन बसलो. आकडा विचारला. म्हने, "बाबा, पाच." मी म्हनलं कवापासून? म्हने तीन दिवसापासून. एकाच घरात राह्यतो आमी!

---

प्रश्नचिन्ह | १७ मे, दुपारी ३.००

विषयांतर होतंय, माफ करा. मी स्वतः एएस आहे, मला त्रास काहीच नाही. लग्न जमतंय. मुलीकडच्यांना सांगू का? घरचे म्हणतात सांगितलं तर मोडेल.

---

सायकलवाली | १७ मे, सायंकाळी ७.४०

सांगा, आणि मुलीची तपासणी करा. ती एए असली तर तुमचं एकही मूल एसएस होत नाही. ती पण एएस असली तर प्रत्येक खेपेला चारात एक. एकदा एसएस झालं म्हणजे पुढचे तिघं सुटले असं नसते, दर बाळंतपणाला चिठ्ठी नव्यानं निघते. माझ्या गावात एका बाईचे दोन्ही एसएस आहेत, तिला कोणीतरी 'आता झालं एक' म्हणून सांगितलं होतं.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. आधी सोल्युबिलिटी, ती पॉझिटिव्ह आली की पुढची, एएस का एसएस कळायला. पहिलीवरच थांबू नका. १ जुलै २०२३ ला शहडोलहून देशभराची मोहीम सुरू झाली, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या पायाला चाकं लागलीत. लग्नाआधी पत्रिका बघता तशी ही पट्टी बघा म्हणून मी घसा कोरडा करते. पत्रिका बघतात.

---

पऱ्हाटी | १७ मे, रात्री ९.१५

त्या मोहिमेचा बॅनर आमच्या दवाखान्यावर लागला हाय. '२०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलन'. पोरीनं वाचलं आन् मले विचारते, "बाबा, म्हंजे आमचं निर्मूलन का?" मी हासलो. मंग हासू गेलं. तपासनी कराच, मी नाई म्हनत नाई. पन जे लेकरं हायेत त्याइच्या गोळ्या दर महिन्याले केंद्रात आल्या पाह्यजे, हे बी कुठं लिवा ना बॅनरवर.

---

बांधीवरची | १८ मे, रात्री १०.३०

गोळ्यांवरून आठवलं, माझी चूक सांगून टाकते. हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एका औषधवाल्यानं चिठ्ठी बघून विचारलं, "कॅन्सर आहे का लेकराला?" मी घरी येऊन गोळी बंद केली. कोणाला न सांगता. दोन महिने. डॉक्टरांनी विचारलं तर देते म्हणाले. तेवढ्यात तो दोनदा भरती झाला. मग रडत खरं सांगितलं. त्या मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, हो, ही गोळी रक्ताच्या कॅन्सरलाही देतात, पण याच्यात ती बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवायला देतो, ते असलं की पेशी वाकत नाही. जन्मल्यावर सहा महिने तुझं बाळ का बरं होतं, ते त्या हिमोग्लोबिनमुळेच. ठरल्या वेळी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर थांबवायची. इतकं सोपं होतं. आधी कोणी सांगितलं असतं तर!

@लाल_एसटी भाऊ, मी आकडा विचारला. तो हसला आणि म्हणाला, "आत्ता शून्य. पण परीक्षेच्या दिवशी सहा होता." नवोदयच्या परीक्षेच्या दिवशी! सहा घेऊन दोन तास बसला आणि पास झाला. मला अभिमान वाटावा का मारावं हे कळेना.

---

चष्मेवाले_गुरुजी | १९ मे, सकाळी ६.००

दोन्ही करू नका. चार ठरवा.

---

बांधीवरची | २९ ऑगस्ट, रात्री ८.१५

धागा वर काढतेय. काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं.

पाठवला. रोवणी चालू होती, हे चिखलाच्या पायांनीच शाळेत आले सोडायला. गुरुजींचा कागद चार प्रती काढून दिला. प्राचार्यांनी वाचला, दोन प्रश्न विचारले, सही केली. खालचा पलंग मिळाला. नर्सबाईंना मी पानथरी कशी चाचपायची ते दाखवायला लागले तर त्या म्हणाल्या, "येते हो मला." मग मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पहिले तीन आठवडे फोनवर फक्त 'जेवण बरं आहे'. चौथ्या आठवड्यात पावसात भिजले सगळे. रात्री दीड वाजता यानं शेजारच्या पोराला उठवलं आणि दोघं मिळून नर्सबाईंचं दार वाजवायला गेले. म्हणाला, "मॅडम, चार आहे." त्यांना आधी कळलंच नाही चार काय, मग कागदावरचं आठवलं. गोळी, गरम पाण्याची पिशवी, दोन तांबे पाणी. सकाळी पाच झाला, दुपारी सहा, तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्त लागलं नाही. तीन दिवसांत परत वर्गात. मला फोन सकाळी आला, रात्री नाही. त्याचा मला राग आला होता, आता नाही.

शेजारच्या पोरालाही आता आकडे पाठ झालेत. गणिताचा पेपर झाला की म्हणतो, "आज नऊ."

अंथरूण दोनदा ओलं झालं. ते त्यानं मला सांगितलं नाही, नर्सबाईंनी सांगितलं. मी विचारलं नाही.

आता पुढचं. दिवाळीनंतर तिथं पहाटे पाचला उठून आंघोळ असते. गरम पाणी रोज मिळेलच असं नाही. त्यानं दुपारी आंघोळ करावी म्हणून वेगळा अर्ज करू, का तेवढ्यानं पोरं चिडवतील? आणि आतून घालायचे लोकरीचे कपडे कुठं चांगले मिळतात, ब्रह्मपुरीत किंवा वडसा बाजारात?

---

लाल_एसटी | २९ ऑगस्ट, रात्री ८.४०

अर्ज करू नका, त्यालाच विचारा. कपडे वडशाला घ्या, पण नोव्हेंबर लागायच्या आधी, मग नुसते मोठ्यांचे उरतात.

---

पऱ्हाटी | २९ ऑगस्ट, रात्री ९.०५

माही पोरगी बी विचारून राह्यली, अकरावीले यवतमाळले खोली करून राहू का म्हने. मी हो नाई म्हनलं. नाई बी नाई म्हनलं. गुरुजी, तो एक पानी कागद मले पाठवता का जी?